मामांनी पास केलेल्या गाड्या

मामा जुन्या स्पोर्ट्स गाड्या पारखायचे. डोळे मिटून पत्र्यावर बोटं फिरवली की गाडी कुठे सडलीय ते सांगत. भाची त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढे तिचंही याच धंद्यात बस्तान बसलं.

आयुष्यभर लोकांच्या गाड्या बघून झाल्यावर मामांनी स्वतःसाठी एक घेतली. दोन सीटची, गडद हिरवी. ती दाखवायला त्यांनी भाचीला बोलावलं.

"बघ, कुणाचा हात लागलेला नाही."

तिने दरवाज्याखालच्या, गाडीचा भार पेलणाऱ्या पट्टीवरून हात फिरवला. खिशातलं चुंबक लावून पाहिलं. ते कुठेच चिकटेना.

"मामा, इथं पत्रा नाहीच, नुसती पुट्टी भरलीय."

"काहीतरीच काय."

त्यांनी पुन्हा पुन्हा बोटं फिरवली. तेव्हा तिला त्या बोटांवरचे भाजल्याचे फोड दिसले.

"हे कशाने?"

"चहाच्या भांड्याने. कळलंच नाही."

"कधीपासून कळत नाही?"

"साखर वाढल्यापासून. वर्ष झालं असेल. वाटलं, हाताला सवय आहे, निभेल."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. त्या वर्षात त्यांनी इतरांच्याही गाड्या पास केल्या होत्या. त्यातली एक गाडी एका दाताच्या डॉक्टरांनी घेतली होती. ते बायकोला शेजारी बसवून ती घाटात पळवायचे. मामांनी लगेच फोन लावला.

"डॉक्टर, गाडी चालवू नका. मला परत बघायचीय. माझी चूक झालीय बहुतेक."

डॉक्टर हसले. "तुमची आणि चूक? मामा, तुमच्या शब्दावर घेतलीय ती." आणि त्यांनी फोन ठेवला.

मामा-भाची डॉक्टरांच्या घरी गेली, तर गॅरेज रिकामं. फाटकापाशी उभं राहून वाट बघितली.

संध्याकाळी गाडी आली. डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघंही धडधाकट, मजेत. भाचीने खाली वाकून पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचा भुगा खाली सांडला. डॉक्टरांची बायको मुकाट्याने घरात निघून गेली.

डॉक्टर मामांकडे वळलेच नाहीत. भाचीला म्हणाले, "तुमचं कार्ड देऊन ठेवा."

"आणलं नाही," ती म्हणाली.

परतताना मामा म्हणाले, "पर्समध्ये होतं की. द्यायचं होतंस."

मामांनी फोन काढला आणि ते त्या वर्षातल्या पुढच्या गिऱ्हाइकाचं नाव शोधू लागले. बोट स्क्रीनवर नीट टेकत नव्हतं. शेवटी तिने फोन हातात घेतला आणि नंबर लावून दिला.