त्रेचाळीस घंटा

घंटा वाजली आणि छापखान्यातल्या वीस-बावीस माणसांनी एकदम हात जोडले.

"अठ्ठाविसावा प्राण परतला!" काळ्या कापडाखालून आवाज आला.

कापडाखाली आमच्या छापखान्याचा एकुलता एक संगणक होता आणि त्याच्यासमोर, स्वतःचं डोकंही त्याच कापडात खुपसून, यंत्रमहाराज बसले होते. शेजारच्या दुकानांतली माणसं दारात लोटली होती. एक बाई तर घरचा बिघडलेला मिक्सर काखोटीला मारून आली होती. आपलाही नंबर लागेल, ही आशा.

मी इथला बाइंडर. तीस वर्षं सुई, दोरा आणि खळ यांत गेली. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, पण सोंग कळतं. हे सोंगच आहे, असं मी शेजाऱ्याच्या कानात म्हणालोही. त्याने मला गप्प बसवलं.

झालं होतं ते असं. संगणक फार रांगायला लागला, म्हणून मालकांनी आमच्या मुद्रितशोधक ताईंना सांगितलं, "नको ती पॅकेजं काढून टाका." पॅकेज म्हणजे एकेका प्रोग्रॅमचं गाठोडं. ताईंनी यादी उघडली. जे काढायचं, त्याच्यापुढे खूण करायची होती. पण ताईंचा हात वीस वर्षं मुद्रितं तपासणारा. आमच्याकडे जे ठीक, जे ठेवायचं, त्याच्यापुढे बरोबरची खूण करतात. हात सवयीने चालला. पानं लावायचा प्रोग्रॅम, फाँट, छपाईयंत्राशी जोडणारं गाठोडं, अशी नेमकी कामाची त्रेचाळीस पॅकेजं त्यांनी निगुतीने टिपली. प्रत्येक ओळ लाल झाली आणि पुढे शब्द उमटला, 'काढणार'. तेवढ्यात मालक मागे येऊन उभे राहिले.

"अहो बाई, सगळं पुसलंत की! उठा आधी तिथून! कोणीही हात लावायचा नाही!"

कोणी लावलाही नाही. दोन दिवस छापखाना बंद, पडदा लाल, आणि एखादा प्रोग्रॅम उघडून तरी बघावा हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मालकांच्या मेहुण्याच्या डोक्यात मात्र महाराज आले.

महाराजांनी आल्या आल्या निदान केलं. "यंत्राला बाईच्या हाताची बाधा! तिच्या बोटांतून ऋणभार शिरला, धनभार घाबरून पळाला. त्रेचाळीस प्राण अंतराळात लटकलेत. एकेक ओढून आणीन. पण तो हात पुन्हा लागला, तर यंत्र कायमचं गेलं समजा!"

शाळेच्या पुस्तकातले दोन शब्द चोरायचे आणि त्यांनीच लोकांना भेडसवायचं! पांढऱ्या पायाची बाई ऐकली होती, पांढऱ्या हाताची तेव्हा ऐकली. मालक लगेच म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका." ताईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. आणि असा शिक्का बसल्यावर दुसरा छापखाना तरी त्यांना दारात कशाला उभं करील?

घंटा चालू असताना त्या माझ्या टेबलापाशी छापलेल्या पानांचे फर्मे दुमडत बसल्या होत्या.

"ताई, खरंच गेलं का हो सगळं?" मी विचारलं.

"दादा, यादीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. मालकांनी ती मला वाचूच दिली नाही. न वाचता मी काही मान्य करत नाही."

महाराज बसल्यापासून तीन तासांनी त्रेचाळिसावी घंटा झाली. महाराजांनी कापड ओढलं. एकही लाल ओळ उरली नव्हती. गर्दीने जयजयकार केला, मालकांचे डोळे भरून आले. ताई फर्मा खाली ठेवून उठल्या.

"महाराज, बाधा गेली?"

"समूळ!"

"मग मी परत आणून दाखवते."

"हात लावलास तर यंत्र जळेल, बाई!"

"जळू दे. नाहीतरी उद्यापासून मला इथे काय काम आहे?"

मालक धावले. मी मध्ये उभा राहिलो. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी मालकांची वाट अडवली.

ताईंनी भराभर त्याच त्रेचाळीस खुणा केल्या. ओळी पुन्हा लाल झाल्या आणि गर्दी मागे सरकली. मग त्यांनी तळाची ओळ खणखणीत आवाजात वाचली, "'ही केवळ निवड आहे. मंजुरी दिल्याशिवाय काहीही काढले जाणार नाही.'" आणि पडदा लाल असतानाच त्यांनी पानं लावायचा प्रोग्रॅम उघडला. अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं पान समोर आलं.

"प्राण गेलेला प्रोग्रॅम चालतो कसा, महाराज?"

"माझ्या मंत्राचा प्रभाव अजून..."

"तुमचा मंत्र तर मी आत्ताच मोडला ना? आता हे बघा." त्यांनी एक बटण दाबलं. शेवटची निवड उलटली, एक ओळ साधी झाली. "ही तुमची एक घंटा." पुन्हा दाबलं. "ही दुसरी." मग यादीच्या वर 'सर्व निवडी रद्द' असं लिहिलं होतं, तिथे बोट टेकवलं. पडदा क्षणात स्वच्छ झाला. "आणि ह्या उरलेल्या एकेचाळीस. यासाठी कापडात तोंड लपवून तीन तास बसलात."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. मिक्सरवाल्या बाईंना मात्र हसू आलं नाही. "मग माझ्या मिक्सरचा प्राण कुणी खाल्ला रे, मेल्या?" म्हणत त्या पुढे झाल्या. महाराज घंटा तिथेच टाकून सटकले. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही. जाताजाताही आशीर्वाद देत होता.

मालक घसा साफ करत म्हणाले, "बरं बाई, झालं गेलं विसरा. उद्या या."

ताई खुर्चीवरून हलल्या नाहीत. "माझी चूक मी सगळ्यांदेखत सांगते. खूण उलटी केली. चूक होती, बाधा नव्हती. आता तुमची तुम्ही सांगा."

मालक पुटपुटले, "बाईंच्या हातात काही दोष नाही."

"मोठ्याने," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

लोकहो, चूक कोणाच्याही हातून होते आणि बहुतेक चुका उलटवता येतात. पण 'ही बाई अपशकुनी' असं एकदा चारचौघांत म्हटलं, की ते पुसणारं बटण कुठल्याच यंत्रावर नसतं. म्हणून कोणी कापड पांघरून चमत्कार करायला लागला, की आधी कापड काढायला लावा. आणि कोणाच्या पोटावर पाय देण्याआधी समोर लिहिलेली ओळ शेवटपर्यंत वाचा.