महाराजांची तार

लिंबाखाली गर्दी एवढी, की मला माझा खांबच दिसेना. मी टेलिफोन खात्याचा लाईन इन्स्पेक्टर. एकसष्ट साली तळोदा-नंदुरबार लाईनवर दुपारी आवाज बसतो, अशी तक्रार आली, म्हणून या तापीकाठच्या गावी आलो होतो. गावाला माझ्याशी काही कर्तव्य नव्हतं. करमसिंग महाराजांची रोजची दुपारची बैठक भरली होती.

महाराज भला मोठा फेटा बांधून लिंबाला टेकत, ओल्या मातीत लोखंडी चिमटा रोवत आणि डोळे मिटत. मग घोगऱ्या आवाजात म्हणत, "देवीशी तार लागनी." आणि नंदुरबारला कापूस काय भावानं गेला, कुणाकडे पाहुणे निघाले, ते सांगत. ते खरंही ठरे. देवीला कापसाच्या भावाची एवढी काळजी का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बुंध्यावर नवसाच्या लाल दोऱ्यांचा थर मात्र चढत होता.

लाईनचा दोष शोधायची रीत साधी असते. मधल्या खांबावर चढायचं, तारेला चाचणीचा फोन जोडायचा, दोन्हीकडे बोलून पाहायचं. दोष ज्या बाजूला, तिच्या पुन्हा मधोमध जायचं. असं करत मी आणि माझा लाईनमन भिला या लिंबापाशी येऊन पोचलो होतो.

मी खांबावर चढून फोन कानाला लावला. नंदुरबारच्या कापूस-जिनचे मालक चुनीलालशेठ तळोद्याला आपल्या घरी ओरडून सांगत होते, "मोती मरी गया." मग जरा थांबून, "गाडं आठेच पडेल शे. दुसरा बैल धाडा."

महाराजांनी बैलापर्यंत ऐकायची तसदी घेतली नाही. खालून आवाज आला, "जसोदाबाई, देवी सांगस, तुन्हा मोतीलाल गया."

मोतीलाल हा जसोदाबाईचा नवरा. तो शेठचीच कापसाची गाडी घेऊन नंदुरबारला गेला होता. जसोदाबाई मटकन खाली बसली. भिकुबाई नावाच्या म्हातारीनं तिचा हात धरला आणि बांगड्या फोडायला दगड उचलला.

माझं डोकं भडकलं. खाली उतरून मी भिलाला वर धाडलं आणि म्हातारीचा दगड हिसकावून घेतला. "मोती बैल होता. शेठचा बैल."

"देवीना कोप व्हई," महाराज गरजले. "याले दूर करा."

मी दोऱ्यांचा थर ओरबाडला. खाली बारीक तांब्याची तार होती. फांदीवरून ती माझ्या लाईनला जोडली होती आणि खाली महाराजांच्या फेट्यात शिरली होती. फेटा ओढला तर टेलिफोनचा ऐकायचा तुकडा बाहेर पडला. त्याची दुसरी तार चिमट्याला बांधलेली. महाराज ऐकायला बसले, की आमचा आवाज त्या चिमट्यातून मातीत मुरत होता. एवढंच ते देवीचं गुपित.

तरी गावचे भटू पाटील हात जोडून म्हणाले, "देवीच तारमांथून बोलत व्हई."

या माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मी भिलाला सांगितलं, नंदुरबारला शेठच्या जिनवर फोन लाव, मोतीलालला बोलाव. आणि तो तुकडा जसोदाबाईच्या कानाला धरला. बऱ्याच वेळानं तिकडून मोतीलालचा आवाज आला.

"जेवी ऱ्हायना," ती म्हणाली. तो तिकडे जेवत बसला होता. "म्हनस, मन्हं जेवन का मोडं?" आणि तिला हुंदका आवरेना.

रडणं थांबल्यावर ती बुंध्याशी गेली. नवरा सुखरूप परत यावा म्हणून तिनं बांधलेला दोरा तिला सापडला. नेमका तारेवरच होता. ती तार लपवायला सगळ्या गावानं हौसेनं दोरे पुरवले होते. तिनं आपला दोरा तोडला आणि करमसिंगासमोर उभी राहिली.

"तुले कोनी सांगं?"

तुला कुणी सांगितलं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी कुणी विचारायला हवा होता. देवाच्या नावानं कुणी काही सांगितलं, तर तुम्हीही तोच विचारा. उत्तर मिळेपर्यंत दोरा बांधू नका, दगड उचलू नका.

करमसिंगानं डोळे मिटले. जसोदाबाई उत्तराची वाट पाहत उभी होती. तार मी काढून घेतली होती.