उघडलेलं मशीन

ट्रकचं इंजिन बंद पडलं, की मिस्त्री आधी ते उघडायचे आणि मग विचार करायचे. उभा जन्म गॅरेजात गेला, पण ही खोड कधी अंगाशी आली नव्हती. इंजिनाच्या पोटातच जाळ असतो, तेव्हा दुखणंही पोटातच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. डिझेल संपलं असेल तर ते सांगायला ड्रायव्हर होताच की!

त्या दुपारी बायकोच्या खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन एकदा किंचाळलं आणि गप्प झालं. तिची फुप्फुसं केव्हाच थकली होती. नाकातल्या नळीवरच श्वास चालायचा. राखीव सिलिंडर मुलगा भरून आणायला गेला होता, सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मिस्त्रींनी कुणाला हाक मारली नाही. गडी थेट हत्यारांची पिशवी घेऊनच बसला.

"अहो..." बायको म्हणाली.

"तू बोलू नकोस गं. आत्ता करतो."

सून खाली आली तेव्हा झाकण, पंखा, व्हॉल्व्ह, चिमुकल्या स्प्रिंगा, सगळं चादरीवर पसरलेलं. तिने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"बाबा, लाइट गेलीय! हे काय इंजिन आहे? मोटर आहे ती. बाहेरून वीज आली तरच फिरते. तिच्या पोटात काय शोधताय?"

मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं. सून फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत दाराकडे धावली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला. लाइट आली होती. हात लावला नसता, तर मशीनही आपसूक सुरू झालं असतं. मिस्त्रींनी भराभर जोडायला घेतलं. पण एक स्प्रिंग कुठे बसते ते कळेना आणि दुसरी हातातून उडाली ती सापडेना. अशी लाचारी देवाने वैऱ्यावरही आणू नये. बायकोचे ओठ निळे पडत चालले होते.

"झालं... का?" तिने विचारलं.

ट्रकमालक डोक्यावर येऊन उभा राहिला, की जे सांगायचे तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"झालंच."

तिने मान हलवली आणि डोळे मिटून ती वाट बघू लागली. मिस्त्री खाटेखाली स्प्रिंग शोधत राहिले.