मला थांबवायचं ठरलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. न्हावा शेव्याजवळच्या एका गोदामामागे गंजत उभी आहे. येणारे जाणारे अंगावर गुटखा थुंकतात. त्याची सवय झाली. पण एका गोष्टीची शिसारी अजून जात नाही. तीच सांगते.

नवी होते तेव्हा माझा रंग पिवळाधमक होता. पुढच्या दोन लोखंडी सुळ्यांवर खोकी उचलून रचायची, हे माझं काम. अकरा वर्षं रशीदभाईंनी मला चालवलं. सकाळी आधी ते माझं तेल बघत, मग चहा घेत. "हिच्यासारखी गुणी मशीन नाय," असं सगळ्यांना सांगत. मला भारी वाटे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने काशिफा मॅडमना पाठवलं. आमच्या टीमने आपलं काम आपणच ठरवायला शिकावं, असा त्यांचा कार्यक्रम होता. टीममध्ये रशीदभाई, खोकी मोजणारी किशोरी आणि माल रचणारा नामा. मॅडमनी "आज काय अडलंय?" असं विचारलं, की तिघांच्याही नजरा मॅनेजर पियूष साहेबांकडे वळत.

"तिकडे नको, एकमेकांकडे बघा," मॅडम म्हणत.

हळूहळू तोंडं उघडली. कोणता कंटेनर आधी, सुट्टी कुणाला, सारं तेच ठरवू लागले. जेवणाच्या पाळीवरून किशोरी आणि नामा दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तेही त्यांनीच मिटवलं. साहेबांनी फलक लावला, 'आमची टीम, आमचे निर्णय', आणि त्याखाली उभे राहून स्वतःचे फोटो काढून घेतले.

मग माझे ब्रेक गेले. ब्रेकच्या पाइपातून तेल गळायचं. दुरुस्तीला सांगूनही कुणी येईना. साहेब त्या तेलावर भुसा टाकायला लावत.

"ही थांबत न्हाय. उतारावर कुनाचा तरी पाय जाईल," नामा म्हणाला. तिघांनी मला बंद ठेवायचं ठरवलं. किशोरीने माझ्या स्टिअरिंगला 'बंद' अशी पाटी बांधली.

साहेबांनी ती ओढून काढली. "निर्णय तुमचाच, पण मला विचारल्याशिवाय कसा?"

"मी नाय चालवणार," म्हणत रशीदभाई खाली उतरले. साहेबांनी शेजारच्या गोदामातला ड्रायव्हर बोलावला. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. उतारावर त्याने ब्रेक दाबला, मी तशीच घसरत गेले. खाली नामा होता. त्याचा डावा पाय माझ्या चाकाखाली आला. तो आवाज मी विसरलेले नाही.

जमिनीवरचं रक्त वाळलंही नव्हतं, तोवर साहेबांनी अहवाल लिहिला: 'मशीन चालू ठेवण्याचा निर्णय टीमने घेतला.' मॅडमसमोर कागद सरकवून ते हसत म्हणाले, "कार्यक्रम तुमचा आहे. करा सही."

त्या हसण्याचीच शिसारी अजून जात नाही, मित्रांनो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्यांनी थांबवायचं ठरवलं होतं. चालू तुम्ही केलीत."

आठ दिवसांत मॅडमचा कार्यक्रम बंद झाला. पण तिघं गप्प बसले नाहीत. त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला. नामाने हॉस्पिटलच्या खाटेवर सही केली, आणि रशीदभाई, किशोरी तो घेऊन मोठ्या कचेरीत गेले. खोटा अहवाल मागे घ्यावा लागला. पियूष साहेबांचं काय झालं? बदली. मोठ्या गोदामात. तिथेही त्यांनी तोच फलक लावलाय म्हणे. थू!

मला मागे ढकलून दिलं. वेळीच साधा पाइप बदलला असता, तर मी अजून कामाची असते आणि नामा धडधाकट चालला असता.

गेल्या आठवड्यात नव्या मशीनचं तेल गळू लागलं. नवे साहेब घड्याळ दाखवत आले. नामा काठी टेकत पुढे झाला. "आज न्हाय, साहेब." मागे रशीदभाई आणि किशोरी उभे होते. साहेबांनी मुकाट्याने मिस्त्रीला फोन लावला.

उद्या तुम्हीही कुणाचे साहेब व्हाल, मित्रांनो. त्यांचं 'नाही' ऐकून घ्यायची तयारी नसेल, तर 'तुम्हीच ठरवा' हे शब्द तोंडातून काढू नका.