दोन बोटांची जागा

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिवणकामाचं दुकान उघडून मशिनींवरची फडकी काढून झाली, की मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, इकडे या." मास्तर निमूटपणे समोर जाऊन उभे राहायचे. बाई त्यांच्या पँटच्या कंबरेत दोन बोटं घालून बघायच्या. दोन बोटं नेमकी बसली, तर तब्येत ठीक. तिसरंही आत गेलं, तर वजन उतरलं. अशी तपासणी कुठल्या डॉक्टरानं ऐकली नसेल. पण दोघांनी पंचवीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजून संसार केला होता. त्यांचा वजनकाट्यावर विश्वास नव्हता, कापडावर होता.

या तपासणीला कारण होतं. मास्तरांना क्रोन्सचा आजार. यात आतड्याला आतून जखमा होतात, सूज येते, वाट अरुंद होत जाते. मास्तरांनी तो कित्येक वर्षं अंगावर काढला आणि शेवटी हातभर आतडं कापून उरलेली टोकं जोडायची वेळ आली. सर्जननं बजावलं होतं, "खराब भाग काढलाय, आजार गेलेला नाही. तो बहुतेकदा जोडापाशीच परत डोकं वर काढतो, आणि सुरुवातीला कळतही नाही. सहा महिन्यांनी कॅमेरा घालून बघायचंच." मास्तरांनी मान डोलावली. मनात म्हणाले, फाटकं काढलं, धड तेवढं जोडलं, आता परत कशाला फाटतंय? आपल्या धंद्यातली अक्कल दुसऱ्याच्या धंद्यात चालवली, की माणूस असाच फसतो.

त्या वेळी बाई एकोणीस रात्री दवाखान्यात खुर्चीत बसून झोपल्या होत्या. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "परत हे माझ्याच्यानं होणार नाही हं." दमलेलं माणूस म्हणतं तशा, सहज म्हणाल्या. मास्तरांच्या मनात मात्र ते घर करून बसलं.

ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात पँट सैल झाली. जेवलं की पोटात पीळ पडायला लागला. पहिली तारीख दोन दिवसांवर आली होती आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी बाई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या, तेव्हा त्यांनी मापं घ्यायच्या पडद्याआड पँट उतरवली, मागची शिवण उसवली आणि अर्धा इंच आत घेतली. हात इतका साफ, की सांगितल्याशिवाय कुणाला पत्ता लागू नये. एवढा महिना निभावून नेऊ, पुढच्या महिन्यात अंग भरेल, असा त्यांचा हिशेब. एकूण पँटी तीन, तिन्ही आत घेतल्या.

पहिल्या तारखेला दोन बोटं नेमकी बसली. "छान धरलीये तब्येत," बाई म्हणाल्या आणि हसत हसत काजं करायला बसल्या. ते हसू बघितलं आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला. नंतर जेव्हा जेव्हा पँट सैल झाली, तेव्हा तेव्हा ते पुन्हा पडद्याआड गेले. चांगल्या मनाची माणसंही किती हुशारीनं मूर्खपणा करतात, बघा.

सहाव्या महिन्यात दवाखान्यातून फोन आला. तो बाईंनी उचलला. मास्तर समोरच उभे राहून कापडावर खडूनं रेघ मारत होते.

"तपासणी ना? पण ते ठणठणीत आहेत हो," बाई सांगत होत्या. "कंबर तसूभर कमी नाही, मी स्वतः बघते. उगाच नळी घालून त्यांचे हाल कशाला? लागलं तर आम्ही कळवू." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "वाचवलं बरं का तुम्हाला."

मास्तरांनी तेव्हा बोलायला हवं होतं. ते रेघ मारत राहिले. त्यांना लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी कोट बेतता बेतता ते पोट धरून खाली बसले आणि भडाभडा ओकले. बाईंनी दुकान तसंच टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि जुना कागद काढून बघितला.

"अकरा किलो उतरलंय."

"काटा बिघडलाय तुमचा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुसरा आणा."

दुसरा आणला. त्यानंही तेच सांगितलं.

"कसं शक्य आहे? हे बघा की." बाईंनी डॉक्टरांसमोर नवऱ्याच्या कंबरेत दोन बोटं घातली. "बसतात की नाही? पहिल्यापासून अशीच बसतात."

नवऱ्यासाठी ही बाई आता वजनकाट्याशी भांडायला निघाली होती. मास्तरांना ते बघवेना.

"राहू दे गं," ते म्हणाले. "मी आत घेतलीये."

"काय आत घेतलीये?"

"पँट. पाचव्या महिन्यापासून घेतोय."

बाईंनी त्यांना पाठमोरं केलं आणि कंबरपट्टी उलटून बघितली. उसवलेल्या शिलायांची भोकं आतल्या कापडावर ओळीनं दिसत होती. त्यांनी अंगठ्यानं ओळी मोजल्या. चार होत्या. मग शर्ट नीट खाली ओढला आणि बाई खुर्चीत जाऊन बसल्या.

दोन दिवसांनी कॅमेरा घातला. जोडाभोवती जखमाच जखमा होत्या आणि वाट जेमतेम करंगळी जाईल एवढी उरली होती. "इंजेक्शनं सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतार पडेल अशी आशा आहे. नाही पडला, तर पुन्हा कापावं लागेल, आणि आतडं काही वाढत नाही. सहाव्या महिन्यात कळलं असतं, तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. तेव्हा का आला नाहीत?"

मास्तरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी बाई म्हणाल्या, "मी नको म्हटलं."

बाहेर बाकावर मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्यामुळे म्हटलंस. दोष माझा आहे."

"आहेच तुमचा," बाई म्हणाल्या. "पण फोनवर मी बोलले. तुमची तपासणी माझ्या तोंडानं मोडली, आणि तुम्ही समोर उभं राहून ऐकत होतात." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

नर्स एक वही घेऊन आली. "वजन, जेवण, दुखणं, रोज यात लिहायचं. घरी लक्ष कोण ठेवणार?"

मास्तरांनी सवयीनं बाईंकडे बघितलं.

"ते खरं सांगणार असतील, तर मी," बाई म्हणाल्या.

नर्स पेन धरून थांबली. मास्तर हो म्हणायला गेले आणि त्यांना रडू फुटलं.