तळ्याचा उतार

भाऊसिंग मिस्त्रीनं मुठीतली चुन्याची फक्की सोडली आणि पांढरी रेघ उतारावरून आडवी सरकत गेली. डोक्यावर फळी घेऊन आलेला दौलतराव रेघेपाशी थांबला.

"जा ओलांडून," मिस्त्री म्हणाला. "आज नुसती रेघ हाय. सोमवारी पाया खांदतो."

"अन् वाट?"

"थे शेटजीले इचारा."

दौलतरावानं फळी खाली टेकवली. नेव्हीतून सुटून गावी परतल्यावर ती त्यानं स्वतः बनवली होती. कोचीनच्या बंदरात एक परदेशी खलाशी अशा फळीवर उभा राहून, हातात शीड धरून पाण्यावरून पळताना त्यानं पाहिला होता, आणि ते दृश्य डोळ्यांपुढून हटलं नव्हतं. सावरीच्या हलक्या लाकडाची फळी, बांबूची काठी, मांजरपाटाचं शीड. काठी चहूकडे कलावी म्हणून बुडाशी ट्रकच्या ट्यूबचं रबर. वांगी-मिरच्यांना पाणी देऊन झालं की तो संध्याकाळी तळ्यावर यायचा. मंगरूळपीरची एस.टी. जवळून जाताना लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत.

फळी पाण्यात सोडता येईल अशी जागा ही एकच होती. धरणाच्या अंगाला दगडांची रचाई, समोर बुडालेल्या बाभळींची खुंटं, आणि गावाकडच्या काठाला आमराईआड वाराच लागत नसे.

ज्ञानचंद शेट कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मंगरूळपीरला त्यांचं कापडाचं दुकान. काठाची ही पट्टी त्यांनी नुकतीच रीतसर विकत घेतली होती. इथं बंगला आणि पार पाण्यापर्यंत ओटा बांधायचा होता.

"गुरांची वाट अडवली का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बायांचा धुण्याचा घाट?"

"नाही, शेटजी."

"मंग अडलं कोणाचं? तुमच्या खेळण्याचं. तुमीच सांगा दौलतराव, खेळासाठी घर मागं सरकवू का मी?"

आवाजात राग नव्हता. दौलतरावानं फळी पुन्हा डोक्यावर घेतली. तसाच तो सरपंचाकडे गेला. सरपंच हसला. "गुराढोरांचं असतं तं भांडलो असतो, गड्या. फळीसाठी कोण भांडते?"

घरी येऊन दौलतराव शिडाच्या गाठी सोडायला बसला. मनकर्णाबाई ओसरीवर बाजारासाठी वांगी निवडत होती.

"काहून सोडून राह्यले?"

"फळी मळ्यातल्या पाटावर आडवी टाकतो. जाण्यायेण्याले होईन."

वर्षभर तिनं त्या फळीला नावं ठेवली होती. गडी माणसाचं याड, म्हणायची. आता मात्र तिची नजर सुटलेल्या गाठींवर होती. हातातलं किडकं वांगं चांगल्यांच्या ढिगात टाकलं, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी सकाळी भाज्यांची पाटी तिनं जावेच्या डोक्यावर चढवली आणि नवऱ्याला म्हणाली, "गाठी मारा पुन्हा. अन् उचला फळी."

उतारावर दोन मजूर कुदळी घेऊन उभे होते. मनकर्णाबाई थेट शेटजींपुढे गेली. पदर कमरेला खोचलेला होता.

"शेटजी, दुष्काळात हे तळं खांदलं तवा मी याच उतारानं माती वाह्यली."

"सरकारी काम होतं बाई ते. साऱ्या तालुक्यानं केलं."

"केलं ना. मी हक्क सांगाले नाही आली."

"मंग?"

तळ्याकडे बघत म्हणाली, "तवा इथं नुसता खड्डा होता. पाणी आल्यापासून मी काठावरूनच पाहून राह्यली. आमचे हे रोज मंधात जातेत. मले बी एकडाव जाऊन पाह्यचं हाय. मंग बांधा तुमी भिंत."

दौलतराव तिच्याकडे बघतच राहिला. हे ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"पोहता येते का?" शेटजींनी विचारलं.

"मळ्याच्या विहिरीत शिकली मी."

शेटजींनी हातानंच मजुरांना थांबायला सांगितलं.

पहिल्यांदा तर ती उभीही राहिली नाही. दुसऱ्यांदा शीड उचलता उचलता पाठीवर आपटली. मजूर हसले, भाऊसिंगनं तोंड फिरवलं. दौलतराव कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून सांगत होता, "गुडघे वाकव. शीड हातानं नको ओढू, अंगाचा भार टाक." ती पडत होती, नाकातलं पाणी शिंकरत होती, लुगड्याचा काष्टा घट्ट करून पुन्हा चढत होती. कितव्या तरी खेपेला पडली तेव्हा तीच मोठ्यानं हसली. मग काठावर कोणीच हसलं नाही.

ऊन चढलं. भाऊसिंग शेटजींपाशी आला.

"मजूर बसून हायेत. खांदाले लावू का?"

"दम धर. चढून राह्यली ना ती."

शेटजी खुर्चीतून उठले होते. चालत ते पार रेघेपर्यंत आले, आणि बोलता बोलता पलीकडे गेले. चपला ओल्या झाल्या.

"दौलतराव, ओटा वरते, निंबापाशी घेतला तर तळं दिसंल का तिथून?"

"उलट ज्यादा दिसंल. पार धरणापर्यंत."

"हं." शेटजींनी वर कडुनिंबाकडे पाहिलं. "भाऊसिंग, नवी रेघ तिथून मार. हा उतार राहू दे मोकळा."

"अन् मोजमाप?"

"पुन्हा घे."

तेवढ्यात वारा आला, आणि फळी त्याच्या हातातून सुटली. मनकर्णाबाई उभी होती. शीड फुगलं, तिनं अंग मागं टाकलं, आणि फळी पाणी कापत निघाली.

"वळव!" दौलतराव ओरडला. "शीड मागं घे! वळव आता!"

आवाज पाण्यावरून स्वच्छ जात होता. तिनं एकदा मान वळवून काठाकडे पाहिलं, म्हणजे ऐकू आलं होतं. मग पुन्हा समोर बघितलं आणि ती तशीच पुढं गेली, तळ्याच्या मध्याकडं.