कोळंब्या जातात कुठे?

चष्मेवाल्याचा स्वभावच मुळात संशयी. गिऱ्हाईक म्हणालं, "नव्या चष्म्याने डोकं दुखतं," की हा आधी विचारणार, "घालता का खरंच?" भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे की नाही ते मनगटावरच्या घड्याळात बघायचा आणि मग दोघांवरही विश्वास ठेवायचा नाही. आणि अशा माणसाच्या दारात कोण यावं, तर त्याचा धाकटा भाऊ! चार वर्षांपूर्वी हाच पठ्ठ्या दुकानातला फ्रेमांचा खोका काखोटीला मारून पसार झाला होता. आता मान खाली घालून म्हणाला, "दादा, चुकलं माझं. काम दे."

"काम देईन, दुकानाची किल्ली देणार नाही," दादा म्हणाला.

मध्ये पडली ती दादाची बायको. "अहो, माणूस पारखायचा तर त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. कोळंब्या सांभाळू दे त्याला. दोन महिने नीट सांभाळल्या तर किल्ली द्यायची, नाहीतर तो आपल्या वाटेने गेला. बोला, कबूल?" चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं तिने, मग दादा नाही कसा म्हणणार?

कोळंब्या म्हणजे खायच्या नव्हेत हो. काउंटरच्या कोपऱ्यात काचेची टाकी होती, तिच्यात शेवाळाचा हिरवा गालिचा आणि त्यावर नखाएवढ्या लालबुंद कोळंब्या. फिक्या रंगाच्या बाजूला काढत काढत दादाने तीन वर्षांत हा रंग आणला होता. पोटच्या पोरांचं केलं नसतं इतकं त्यांचं केलं होतं. धाकट्याचं काम एवढंच, की सकाळी चिमूटभर खाणं घालायचं आणि आठवड्याने थोडं पाणी बदलायचं.

पंधरा दिवस बरे गेले. मग पिल्लं दिसेनाशी व्हायला लागली. अंडी फुटायची, दोन दिवस शेवाळात लाल ठिपके हलायचे आणि तिसऱ्या दिवशी बघावं तर काही नाही. पुढे मोठ्याही कमी होऊ लागल्या. दादा भिंग डोळ्याला लावून मोजत बसे. चाळीसच्या सव्वीस झाल्या तेव्हा त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाल कसली, चांगली घोरपडच होती ती.

"मेल्या असत्या तर मेलेल्या दिसल्या असत्या ना?" तो बायकोला म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय. हा त्या रंगीत मासेवाल्याला नेऊन विकत असणार."

"मग जा आणि विचारून या त्याला," बायको वैतागून म्हणाली. "माझं डोकं खाऊ नका."

दादा तडक गेला. मासेवाला एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. "तुमचा भाऊ? हो, परवाच येऊन गेला की," तो म्हणाला. झालं! दादाने पुढचं ऐकलंच नाही. मासेवाला मागून "अहो, ऐका तरी" म्हणत राहिला आणि हा तरातरा दुकानात परत.

दुकानात पाऊल टाकतो तर काय, धाकटा टाकीवर वाकलेला, आणि हातात टाकीतून काढलेली काचेची बाटली.

"सापडलास!" दादा ओरडला. "आण इकडे ती बाटली. चोर तो चोरच राहिलास ना शेवटी? तुझी वहिनी सांगत होती म्हणून ठेवून घेतलं तुला."

धाकट्याने बाटली पुढे केली. दादाने भिंग लावलं. आत कोळंबी एकही नव्हती. मांसाच्या एका तुकड्याला चपटे, पांढरे किडे लगडले होते. टोकदार डोकी, त्यांवर दोन दोन डोळे, आणि तेही तिरळे.

"हे खातात पिल्लांना," धाकटा म्हणाला. "अशक्त मोठीलाही धरतात. मासेवाल्याला विचारायला गेलो होतो. त्याने सांगितलं, बाटलीत मांसाचा तुकडा घालून रात्रभर ठेव, म्हणजे सापडतील. कुत्र्याच्या जंतांचं औषध किंचित घातलं की मरतात म्हणे, गोगलगाई मात्र आधी काढायच्या. पण तो म्हणाला, किडे वाढले ते उरलेल्या खाण्यावर. दादा, आईशप्पथ, मी एकच चिमूट घालतो. उरतं कसं, तेच कळत नाही."

दादाचं भिंग अजून डोळ्यालाच होतं, ते काढायचं त्याला सुचेना.

"आणि खाण्याचा डबाही भराभर संपत होता," धाकटा म्हणाला. "तुला वाटलं असतं मी खाणंही विकतो. म्हणून दोनदा बाहेरून आणून भरून ठेवलं."

"मी घालत होतो," दादा म्हणाला.

"काय?"

"खाणं. तू समोरचा फुटपाथ झाडायला गेलास की मी घालायचो. म्हटलं, तू घातलंस हे बघितलंय कोणी?"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

दादाला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीन वर्षं जपलेल्या कोळंब्या त्याने स्वतःच्या हाताने किड्यांच्या तोंडी दिल्या होत्या, आणि चोर म्हणून बोट दाखवलं होतं सख्ख्या भावाकडे. त्याने खिशातून जुडगा काढला, नखाने ओढून ओढून दुकानाची किल्ली सोडवली आणि काउंटरवर ठेवली. "घे. दोन महिने व्हायची वाट बघायला नको."

धाकट्याने किल्लीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"नको, दादा. ही मला दिलीस तर तू दुसरं कुलूप आणून लावशील."

दादाने रागावायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण कुलूपवाल्याकडे तो सोमवारीच जाऊन आला होता.